स्कूल बोर्डासमोर दोन मिनिटं बोललो, कुणी हूं की चूं केलं नाही

पाटीपेन्सिल | ११ फेब्रुवारी, रात्री १२:२०

नुकताच घरी आलोय, झोप येत नाहीये, म्हणून लिहितोय. कॅलिफोर्नियात, बे एरियात राहतो. स्कूल डिस्ट्रिक्टचं नाव मुद्दाम देत नाही, इथे अर्धे लोक शेजारीच निघतील.

मुलगा सातवीत. आमच्या मिडल स्कूलला आठवीत अल्जेब्रा घेता यायचा. यंदा विषय निवडायचा फॉर्म आला त्यात तो पर्यायच नाही. शाळेत विचारलं तर काउन्सेलर म्हणाल्या, बोर्डाने ठरवलंय. मग म्हटलं, चला बोर्डाकडेच जाऊ. आयुष्यात पहिल्यांदा स्कूल बोर्डाच्या मीटिंगला गेलो. (बोर्ड म्हटलं की मला अजून दहावीचं बोर्डच आठवतं आणि पोटात गोळा येतो, ते वेगळं.)

साडेसहाची मीटिंग. आधी सत्कार, प्रशस्तिपत्रं, फोटो. मग पब्लिक कॉमेंट. स्पीकर कार्ड भरून दिलं होतं, आठ वाजून दहा मिनिटांनी नाव पुकारलं. समोर हिरवा-पिवळा-लाल दिवा. दोन मिनिटं. मी रात्र रात्र बसून लिहून काढलेलं वाचलं. पाचही ट्रस्टी (म्हणजे बोर्डाचे निवडून आलेले सदस्य) समोर बसलेले. एक लॅपटॉपमध्ये, एक पाणी पितोय, बाकीचे असं बघतायत जसं रेल्वे स्टेशनवर अनाउन्समेंट ऐकतात. लाल दिवा लागला. अध्यक्षबाई म्हणाल्या, थँक्यू, नेक्स्ट स्पीकर. संपलं.

अहो, आमच्या ठाण्याच्या सोसायटीच्या एजीएममध्ये सेक्रेटरी निदान अंगावर तरी येतो! इथे प्रश्न विचारला तर उत्तर नाही, हो नाही, नाही नाही. ह्याला लोकशाही म्हणायचं की नाटक? तुमच्याकडे काय अनुभव?

सडेतोड | ११ फेब्रुवारी, सकाळी

नाटकच. निर्णय आधी झालेला असतो, पब्लिक कॉमेंट म्हणजे प्रेशर कुकरची शिट्टी. वाफ गेली, डाळ शिजली. मी डॅलसजवळ असतो, दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही.

उकडीचा_मोदक | ११ फेब्रुवारी

आपली देसी मंडळी गणिताशिवाय दुसऱ्या कशासाठी उठून बोर्डात गेल्याचं कुणी ऐकलंय का? फक्त विचारतोय. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

ओकट्री_रोड | ११ फेब्रुवारी

मोदक, आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीसाठी गेले होते, तेव्हा हॉल भरला होता. पण हो, गणित पहिलं.

पाटीपेन्सिल, न्यू जर्सीत उघड्या सभांच्या कायद्याला सगळे सनशाइन लॉ म्हणतात, १९७५ चा आहे. त्यात नगरपालिका आणि शिक्षण मंडळ ह्या दोघांनाच नाव घेऊन सांगितलंय की प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ ठेवलाच पाहिजे. वेळ किती, ते त्यांनी ठरवायचं. सभेची सूचना ४८ तास आधी. माझी नणंद न्यूयॉर्क राज्यात असते, तिथे सभेत बसायचा हक्क आहे, पण बोलायचा हक्क कायद्याने दिलेला नाही. बोर्डाने मेहेरबानी केली तर बोलायचं. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरं. तेव्हा तुमची दोन मिनिटं अगदीच टाकाऊ नाहीत.

टिपकागद | ११ फेब्रुवारी, दुपारी

पाटीपेन्सिल, तुमचा राग समजतो, पण बोर्ड गप्प बसलं ते उद्धटपणाने असेलच असं नाही. त्यांना कायद्यानेच गप्प बसवलेलं आहे.

मी दक्षिण कॅलिफोर्नियात आहे आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या बाँड ओव्हरसाइट कमिटीवर दोन वर्षं होते. (शाळांच्या इमारतींसाठी ५५ टक्के मतांनी बाँड, म्हणजे कर्जरोखे, मंजूर झाले की नागरिकांची किमान सात जणांची देखरेख समिती नेमावी लागते, २००० साली मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन ३९ पासून.) आमच्या फडतूस समितीलाही उघड्या सभेचे नियम लागू होते, त्यामुळे ब्राउन अ‍ॅक्ट (कॅलिफोर्नियाचा उघड्या सभांचा कायदा) थोडाफार पाठ झाला.

तुम्ही बोललात तो विषय त्या दिवशीच्या अजेंड्यावर होता का? नसेल, तर बोर्डाला त्यावर चर्चा करायला किंवा काही ठरवायला बंदी आहे. कारण सरळ आहे. समजा तुम्ही उठून अल्जेब्रा मागितला आणि पाचांनी तिथल्या तिथे मत देऊन टाकलं, तर ज्या पालकांना तो बदल आवडलाय आणि ज्यांनी अजेंडा बघून 'आज आपलं काही नाही' म्हणून घरी वरणभात खाल्ला, त्यांचं काय? नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावायचा, विशेष सभेचा २४ तास आधी, आणि जे त्यावर नाही ते बोलायचं नाही.

हां, अगदीच तोंड शिवून बसायची सक्ती नाही. थोडक्यात उत्तर देता येतं, स्पष्टीकरणासाठी प्रश्न विचारता येतो, 'ह्याची माहिती द्या' असं स्टाफला सांगता येतं, आणि 'हा विषय पुढच्या अजेंड्यावर घ्या' असंही म्हणता येतं. बहुतेक बोर्डांचे वकील त्यांना सांगतात की काहीच बोलू नका, म्हणजे चुकणार नाही. त्यातून ती रेल्वे स्टेशनची मुद्रा येते.

उकडीचा_मोदक | ११ फेब्रुवारी

ब्राउन अ‍ॅक्ट म्हणजे तोच ना, काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत घेण्याचा खटला?

टिपकागद | ११ फेब्रुवारी

नाही हो. तो ब्राउन म्हणजे कॅन्ससमधल्या टोपीकाचे ऑलिव्हर ब्राउन, निकाल १९५४ चा. हा ब्राउन म्हणजे राल्फ ब्राउन, मोडेस्टोचे विधानसभा सदस्य, कायदा १९५३ चा. सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलच्या मायकेल हॅरिस ह्या बातमीदाराने १९५२ मध्ये दहा भागांची मालिका लिहिली होती, गावोगावच्या कौन्सिलं आणि बोर्डं कशी गुपचूप भेटून सगळं ठरवतात त्यावर. त्यातून हा कायदा आला.

पण तुमचा गोंधळ अगदीच वाया नाही. १९५३ मध्ये ह्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर होते अर्ल वॉरन. त्याच वर्षी ते सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश झाले आणि पुढच्या वर्षी तो दुसऱ्या ब्राउनचा निकाल त्यांनीच लिहिला.

उकडीचा_मोदक | ११ फेब्रुवारी

घ्या. चुकून बरोबर आलो.

पाटीपेन्सिल | १२ फेब्रुवारी

टिपकागद, मनापासून आभार. विषय अजेंड्यावर नव्हता, बरोबर. मी 'अजेंड्याबाहेरचे विषय' असं लिहिलेलं कार्डच भरलं होतं.

पण मग मला हे सांगा, 'बोर्डाने ठरवलं' ते कधी? मी काल जुने अजेंडे उघडून बसलो. डिसेंबरपासून कुठेही अल्जेब्रा हा शब्द नाही.

टिपकागद | १२ फेब्रुवारी

कन्सेंट कॅलेंडर बघा, म्हणजे चर्चा न करता एकाच मताने मंजूर करायच्या किरकोळ विषयांची यादी. 'पुढील वर्षाची कोर्स कॅटलॉग' असं काहीतरी शोधा. आणि नुसता अजेंडा नाही, त्याच्या अटॅचमेंट उघडा.

पाटीपेन्सिल | १२ फेब्रुवारी, रात्री

सापडलं.

२० जानेवारीची सभा. कन्सेंट कॅलेंडरवर चौदा विषय. बसदुरुस्तीचं बिल, कुणाची तरी रजा, फील्ड ट्रिप, कागदाची खरेदी, आणि नववा विषय: 'मिडल स्कूल कोर्स कॅटलॉग मंजूर करणे'. एवढंच. अटॅचमेंट ६८ पानांची, त्यातल्या ४१ व्या पानावर आठवीचे गणिताचे कोर्स. गेल्या वर्षी तीन होते, आता दोन. 'काढला' असं कुठेही लिहिलेलं नाही, नुसता नाही. व्हिडिओ पाहिला. चौदाही विषय एका दमात मंजूर. मी स्टॉपवॉच लावलं, एकोणीस सेकंद.

बायको म्हणते, तू मागच्या महिन्यात स्टीलच्या डब्यांचा सेट घेताना ह्यापेक्षा जास्त वेळ लावलास.

सडेतोड | १२ फेब्रुवारी

काय म्हणालो होतो? डाळ शिजली.

कोथरूडकर | १३ फेब्रुवारी

बरेच दिवस रोमात (नुसता वाचत) होतो, पण हे वाचून राहवलं नाही. तुमची एकोणीस सेकंद तरी व्हिडिओवर आहेत.

आमच्याकडे खाजगी विनाअनुदानित शाळांच्या फीसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. पालक-शिक्षक संघ, त्याची कार्यकारी समिती, त्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक, आणि इच्छुकांतून चिठ्ठ्या टाकून निवड. कागदावर उत्तम, कारण शाळेच्या मर्जीतले पालक बसवता येऊ नयेत. माझं नाव चिठ्ठीत निघालं एका वर्षी. पहिल्याच बैठकीला गेलो तर फीचा प्रस्ताव टेबलावर आमच्यासमोर ठेवला, वाचायला दहा मिनिटं, आणि कागद परत घेतले! मी म्हटलं, आधी का नाही पाठवला, तर म्हणाले, गोपनीय आहे. गोपनीय! ज्यांनी भरायची त्यांच्यापासून गोपनीय.

नंतर कायद्यात दुरुस्ती झाली, आता विभागीय समितीकडे तक्रार न्यायची तर २५ टक्के पालक एकत्र आले पाहिजेत. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे घरांच्या सह्या गोळा करून बघा एकदा. व्हॉट्सअ‍ॅपवर सगळे वाघ असतात, सही म्हटली की 'मुलाला त्रास नको'.

खडूफळा | १३ फेब्रुवारी

कोथरूडकर दादा, खाजगीचं तुम्ही सांगितलंत, मी जिल्हा परिषदेचं सांगते. सातारा जिल्ह्यात मुख्याध्यापिका आहे, दोन शिक्षकी शाळा.

शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने आमच्याकडे शाळा व्यवस्थापन समिती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून, आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव. म्हणजे सत्ता पालकांची आणि लिहिणार आम्ही. जगात कुठल्या शाळेच्या कमिटीत एवढे पालक असतात मला माहीत नाही. पाटीपेन्सिल दादांच्या बोर्डात तर निवडून आलेले पाच जणच.

आणि होतं काय? महिन्याची बैठक असते तेव्हा ऊस तोडायला गेलेले गेलेले असतात, बाकीच्यांचा रोज बुडतो. मग शिपाई नाहीच, मी किंवा गुरुजी इतिवृत्ताचं रजिस्टर घेऊन घरोघरी. 'वहिनी, इथं सही.' 'काय लिवलंय बाई?' 'बैठक झाली.' खोटं बोलत नाही, माझ्याकडूनही झालंय हे. विषयपत्रिका आधी लावली पाहिजे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. सगळ्यांना माहीतच असतं की चार विषय: पोषण आहार, गणवेश, शौचालय, अनुदानाचा खर्च.

तुमच्याकडे नुसत्या अजेंड्यावरून एवढं चाललंय हे वाचून गंमत वाटली, आणि थोडी लाजही.

ओकट्री_रोड | १३ फेब्रुवारी

खडूफळा ताई, किती प्रामाणिकपणे लिहिलंत. इथल्या बोर्डातही मिनिट्स कुणी वाचत नाही, फरक एवढाच की खोट्या सह्यांऐवजी खऱ्या जांभया असतात.

विश्वासराव_नाही | १४ फेब्रुवारी

पाटीपेन्सिल, भावनेत जाऊ नका, मुदत बघा. २० जानेवारीला ठराव झाला. विषयाचं वर्णन अपुरं होतं असं म्हणायचं असेल तर उघड्या सभेतल्या निर्णयाबाबत बोर्डाला लेखी मागणी ३० दिवसांत द्यावी लागते. चूक दुरुस्त करा, ठराव मागे घ्या, अशी. १९ तारखेला मुदत संपते. बंद दाराआडचं वगैरे असतं तर ९० दिवस मिळाले असते. पत्र गेलं की बोर्डाला ३० दिवस, त्यांनी नाही म्हटलं तर कोर्टात जायला १५ दिवस. आज पत्र टाका.

टिपकागद | १४ फेब्रुवारी

मुदती बरोबर आहेत, सल्ला पटत नाही.

कायदाच म्हणतो की विषयाचं वर्णन साधारणपणे वीस शब्दांपेक्षा मोठं असायची गरज नाही. 'कोर्स कॅटलॉग मंजूर करणे' हे वर्णन खोटं नाही, अर्धवट आहे. कॅटलॉग मंजूर करायचाच होता, केला. अटॅचमेंट उघडी होती. जिंकालही कदाचित, पण जिंकून मिळणार काय? ठराव रद्द होईल, पुढच्या सभेला तोच विषय नीट वर्णन लावून येईल, पाच विरुद्ध शून्य मंजूर होईल, आणि तोवर बोर्ड आणि त्यांचा वकील तुमच्याशी फक्त पत्राने बोलेल.

दुसरी वाट कमी लोकांना माहीत आहे. ती ब्राउन अ‍ॅक्टमध्ये नाहीच, एज्युकेशन कोडमध्ये आहे. कलम ३५१४५.५. शाळेच्या कारभाराशी थेट संबंध असलेला विषय अजेंड्यावर ठेवायची मागणी सामान्य माणूस करू शकतो, असा त्याचा हेतू. नगरपालिकेकडे असा हक्क मागितलात तर हसतील, स्कूल बोर्डाकडे आहे. तुमच्या बोर्डाच्या पोटनियमात लिहिलेलं असेल, किती दिवस आधी, कुणाकडे, कसं.

विश्वासराव_नाही | १४ फेब्रुवारी

म्हणजे ज्यांनी लपवलं त्यांनाच नम्रपणे विनंती करायची. छान.

टिपकागद | १४ फेब्रुवारी

लपवलं की कुणाच्या लक्षातच आलं नाही? मी समितीवर असताना बघितलंय, ६८ पानं ट्रस्टींनीही वाचलेली नसतात. पाचातल्या निदान दोघांना अल्जेब्रा गेलाय हे पाटीपेन्सिल बोलले तेव्हा पहिल्यांदा कळलं असेल. लॅपटॉपमध्ये बघत होते ना ते? ४१ वं पान शोधत असतील!

पाटीपेन्सिल | १५ फेब्रुवारी

दोघांचंही ऐकलं, आणि बायकोचंही. नोटीस नाही, विनंती. आमच्या बोर्डाची अट दोन आठवडे आधी लेखी, म्हणजे २४ फेब्रुवारीची सभा गेली, १० मार्चची धरायची. सुपरिटेंडंटच्या (डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याच्या) ऑफिसला पत्र दिलं. एक पान. मुलाचं नाव नाही, माझी डिग्री नाही, 'भारतात आम्ही सातवीत' नाही. (हे तिसरं बायकोने खोडलं.)

एक शंका. आमच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ट्रस्टी आहेत. काही जण म्हणतायत बाकीच्या चौघांनाही घेऊ, म्हणजे समोरासमोर प्रश्न विचारता येतील.

टिपकागद | १५ फेब्रुवारी

नको! पाचातले तीन एका जागी बोलायला लागले की ती सभाच झाली, मग ती जागा हॉल असो, कॉफीशॉप असो की व्हॉट्सअ‍ॅप. आणि एकाच वेळी असायचीही गरज नाही. अ ने ब ला सांगितलं, ब ने क ला, तरी तीच गोष्ट. तुम्ही मध्यस्थ होऊन 'अमुक ट्रस्टी हो म्हणाले, तुमचं काय?' करत फिरलात तर साखळी तुमच्यामुळे जुळेल. एकेकट्याला भेटा, आपलं म्हणणं सांगा, दुसऱ्याचं मत सांगू नका.

फेसबुकसारख्या उघड्या ठिकाणी तर २०२१ पासून इतकं कडक आहे की आपल्या अखत्यारीतल्या विषयावर एका ट्रस्टीने लिहिलेल्या पोस्टला दुसऱ्या ट्रस्टीने अंगठासुद्धा दाखवायचा नाही.

उकडीचा_मोदक | १५ फेब्रुवारी

हा नियम आमच्या फॅमिली ग्रुपला लावता येईल का?

सडेतोड | १६ फेब्रुवारी

एक मुद्दा कुणीच काढला नाही. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला येतं कोण? ज्याची दुपारची शिफ्ट नाही, ज्याच्याकडे मुलं सांभाळायला कुणी आहे, ज्याला इंग्रजीत दोन मिनिटं न अडखळता बोलता येतं तो. दर सभेला तेच बारा चेहरे. त्यातले चार निवृत्त, तीन भांडखोर. त्यांचा आवाज म्हणजे जनतेचा आवाज म्हणायचं? पाटीपेन्सिलच्या डिस्ट्रिक्टमध्ये अल्जेब्रा का काढला ह्याचं कारण कदाचित ज्यांची मुलं मागे पडत होती त्यांच्या बाजूचं असेल. ते पालक त्या हॉलमध्ये होते का?

पाटीपेन्सिल | १६ फेब्रुवारी

सडेतोड, हे टोचलं, पण खरं आहे. त्या दिवशी आमच्या शाळेच्या स्पॅनिश बोलणाऱ्या पालकांपैकी एकही नव्हता. मी शोधलेही नव्हते.

ओकट्री_रोड | १६ फेब्रुवारी

भाषेवरून आठवलं. माझी मैत्रीण सॅन होजेकडे असते, तिच्या सासूबाई नातवाला रोज चालत शाळेत सोडतात. चौकात क्रॉसिंग गार्ड नाही म्हणून त्यांना बोर्डासमोर बोलायचं होतं, मराठीत. मैत्रीण दुभाषी झाली. तिथे कळलं की कॅलिफोर्नियात दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो, २०१६ च्या दुरुस्तीपासून. बाकीच्यांना दोन मिनिटं, आजींना चार. आजींनी पावणेतीन मिनिटांत संपवलं, आणि उरलेल्या वेळाचं काय करू असं विचारलं. पहिल्यांदा पूर्ण बोर्ड हसलं म्हणे.

गार्ड मिळाला की नाही ते विचारायचं राहिलं.

टिपकागद | १६ फेब्रुवारी

वा, आजी! दुप्पट वेळ बरोबर आहे. दोन गोष्टी आणखी, कारण लोक उगाच घाबरतात: हजर राहायला नाव-गाव लिहून देणं सक्तीचं नाही, आणि गोंधळ न घालता सभेचं रेकॉर्डिंग कुणीही करू शकतं. तसंच टीका केली म्हणून माइक बंद करता येत नाही. मोरेनो व्हॅलीच्या डिस्ट्रिक्टने नियम केला होता की उघड्या सभेत कर्मचाऱ्यांवर टीका नको, १९९६ मध्ये फेडरल कोर्टाने तो घटनाविरोधी ठरवला.

सडेतोडना उत्तर माझ्याकडेही नाही. २०२१ मध्ये मास्कवरून सभांमध्ये जे काही चाललं, ते बघून मलाही वाटलं होतं की बंद करा हे सगळं. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या ओकली गावच्या स्कूल बोर्डाचं झालं. ऑनलाइन सभा, ट्रस्टींना वाटलं अजून प्रक्षेपण सुरू झालेलं नाही, आणि ते पालकांची टिंगल करत बसले, ह्यांना मुलं सांभाळायला बायका परत हव्यात वगैरे. लोक सगळं ऐकत होते. दोन-तीन दिवसांत आख्ख्या बोर्डाने राजीनामे दिले. दार उघडं आहे हे माहीत असताना माणसं कशी बोलतात आणि बंद आहे असं वाटल्यावर कशी, ते एकाच व्हिडिओत.

खडूफळा | २८ फेब्रुवारी

धागा वर काढते. आमच्या फेब्रुवारीच्या बैठकीची विषयपत्रिका मी तीन दिवस आधी शाळेच्या भिंतीवर आणि दूध डेअरीच्या फळ्यावर लावली. डेअरीवर सकाळ-संध्याकाळ सगळं गाव येतं. विषय नीट लिहिले. 'अनुदानाचा खर्च' असं न लिहिता 'रंगकामाचे पैसे रंगाला वापरायचे की पाण्याच्या टाकीला' असं लिहिलं.

अकरा बाया आल्या. सदस्य त्यातल्या पाचच. बाकीच्यांना बसू द्यायचं का, असं अध्यक्ष मला विचारायला लागले. म्हटलं बसू द्या. टाकी जिंकली, आणि मला दीड तास शिव्या मिळाल्या, कारण दोन वर्षांपूर्वी रंग कुठे गेला हेही कुणीतरी काढलं. केंद्रप्रमुख म्हणाले, बाई कशाला हा उद्योग.

कोथरूडकर | २८ फेब्रुवारी

खडूफळा ताई, दंडवत. मी आमच्या शाळेत माहिती मागितली तर वर्गशिक्षिकेने मुलाला सांगितलं, 'बाबांना एवढा वेळ असतो का?'

पाटीपेन्सिल | ७ मार्च

विषय लागला! ७२ तासांच्या नियमाने शनिवारी संध्याकाळपर्यंत लावला तरी चाललं असतं, शुक्रवारी दुपारी चार पन्नासला लावला. चौदावा विषय. 'आठवीच्या गणिताचे पर्याय: माहिती, चर्चा आणि संभाव्य निर्णय'. 'संभाव्य निर्णय' हे शब्द यावेत म्हणून टिपकागदांनी मला खाजगीत तीनदा सांगितलं होतं, नाहीतर नुसती चर्चा करून पुढच्या महिन्यावर टाकतात.

शाळेच्या इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांची जी समिती असते, तिच्या अध्यक्षांना जाऊन भेटलो. त्यांचं म्हणणं माझ्यापेक्षा वेगळं निघालं. अल्जेब्रा काढू नका, पण त्या वर्गाला कोण जातं ते बघा, आमच्या मुलांना शिफारसच मिळत नाही. तासभर बोललो. त्या स्पॅनिशमध्ये बोलणार आहेत, दुभाष्यासह.

पाटीपेन्सिल | ११ मार्च, रात्री १:०५

आत्ता आलो. चौदावा विषय दहा वाजून पस्तीस मिनिटांनी निघाला. एकतीस कार्डं. अध्यक्षबाईंनी एकेका विषयाला एकूण वेळेची मर्यादा आहे म्हणून दोन मिनिटांचं एक मिनिट केलं. माझं भाषण दोन मिनिटांचं. रांगेत उभ्या उभ्या पेनाने पहिला अर्धा भाग खोडला, आभार, ओळख, मुलगा, सगळं. उरलेलं जास्त बरं होतं.

त्या स्पॅनिश बोलणाऱ्या बाईंना दोन मिनिटं मिळाली आणि त्यांनी शिफारशींचे आकडे मागितले. स्टाफकडे नव्हते. तिथे मात्र बोर्ड बोलायला लागलं, आणि काय बोललं! मागच्या वेळी पाणी पिणारे ट्रस्टी, त्यांनी सरळ विचारलं की हा कोर्स जातोय हे कन्सेंटमध्ये का आलं. सुपरिटेंडंट म्हणाले, दरवर्षी कॅटलॉग तिथेच येतो. ट्रस्टी म्हणाले, ह्यापुढे वेगळा काढा.

तीन विरुद्ध दोन. प्रत्येक मिडल स्कूलमध्ये अल्जेब्राचा एक वर्ग वर्षभरासाठी राहील, आकडे घेऊन जानेवारीत पुन्हा विषय यावा. एका वर्गात किती मुलं बसतात ते तुम्हाला माहीत आहे. माझ्या मुलाला जागा मिळेलच असं नाही. त्याला सांगितलं तर म्हणाला, मी जॉमेट्रीतल्या आकृत्या बऱ्या काढतो, आधी ते नाही का घेता येणार?

सडेतोड | ११ मार्च

अभिनंदन. (शिट्टी थोडी मोठी होती एवढं मान्य.)

विश्वासराव_नाही | ११ मार्च

नोटीस दिली असती तर पूर्ण ठराव रद्द झाला असता. असो. अभिनंदन.

पाटीपेन्सिल | २१ मार्च

मंडळी, पुढच्या मंगळवारचा अजेंडा आला. कन्सेंटमध्ये सतरा विषय. अकरावा आहे 'शैक्षणिक सॉफ्टवेअरचे करार नूतनीकरण', त्याची अटॅचमेंट २१४ पानं. मुलांची कुठली माहिती कुणाकडे जाते ते त्यात असणार. एकट्याने होणार नाही. कोण कुठली पानं घेतंय?

टिपकागद | २१ मार्च

१ ते ७०.

उकडीचा_मोदक | २१ मार्च

माझा ह्या डिस्ट्रिक्टशी काडीचा संबंध नाही. ७१ ते १४० द्या.

ओकट्री_रोड | २१ मार्च

शेवटची मी घेते. बारीक टायपातलं सगळं तिथेच असतं.